आरसी बुकात नसलेली गाडी

गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. पुण्यात, तेही पेठेत, या वेळेला कुठलंही इंजिन सुरू करणं हा गुन्हाच. पण किक मारमारून पोटरी सुजली होती आणि आता थांबलो तर पुन्हा कधी धीर होईल सांगता येत नव्हतं. सतराव्या की अठराव्या किकला ती खोकली, थांबली, पुन्हा खोकली, आणि मग वाड्याच्या चौकात निळा धूर भरला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू कठड्यावरून ओरडल्या, "अरे मेल्या, काय जाळतोयस?" खालच्या खोलीतले काका झोपेतून उठून बाहेर आले. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, टाकीवर टिचकी मारून बघितली आणि विचारलं, "कुठल्या कंपनीची?"

चौदा महिने मी या प्रश्नाची वाट बघत होतो आणि तरी उत्तर तयार नव्हतं. इंजिन येझदीचं. पुढचा शॉकअप आरएक्स हंड्रेडचा. मागची अर्धी चेसिस पाइप वाकवून आम्हीच जोडलेली. टाकी हाताने ठोकलेली. सीट आईच्या जुन्या पर्सच्या रंगाची, त्याचं कारण वेगळं आहे.

"कंपनीची नाही काका. घरीच केली."

"मग नंबर कोण देणार हिला?"

हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. तो मला आधी सुचायला हवा होता.

*

गंमत अशी की मोटरसायकल नावाची वस्तू जन्मली तेव्हा 'कुठल्या कंपनीची?' हा प्रश्नच गैरलागू होता. १८८५ मध्ये गॉटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी जर्मनीत कानस्टाट इथे डाइमलरच्या घरामागच्या बागेतल्या शेडमध्ये लाकडी सांगाड्यावर इंजिन बसवलं. त्यांना दुचाकी बनवायचीच नव्हती, इंजिन चालतं का एवढंच बघायचं होतं. डाइमलरचा मुलगा पाउल ती चालवत शेजारच्या गावी गेला. वाटेत सीटखालच्या तापलेल्या नळीमुळे सीटला आग लागली असं सांगतात. म्हणजे घरी बनवलेल्या गाडीची पहिली चाचणी आणि पहिली फजिती, दोन्ही एकाच फेरीत उरकली.

१९०३ मध्ये अमेरिकेत मिलवॉकीला डेव्हिडसन कुटुंबाच्या परसात दहा बाय पंधरा फुटांची एक लाकडी शेड होती. आमच्या वाड्यातली खोली यापेक्षा मोठी आहे. त्या शेडच्या दारावर पोरांनी हौसेने कंपनीचं नाव रंगवलं होतं : हार्ले-डेव्हिडसन. योगायोग म्हणजे त्याच सुमारास बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगर घडवत होते. त्यांची सुरुवातही १८८८ मधल्या सायकलच्या दुकानापासून झाली होती. लोखंडाने जमीन नासेल अशी भीती शेतकऱ्यांना होती, त्यामुळे नांगर विकला जायला वेळ लागला. पण 'असा नांगर बनवायला तुम्हाला परवानगी कोणी दिली?' असं कोणी विचारलं नाही.

मला सगळ्यात जवळची वाटते ती सोइचिरो होंडाची गोष्ट. १९४६. युद्धात हरलेला जपान, रेल्वेगाड्यांना लोंबकळणारी माणसं, पेट्रोलचं रेशनिंग. हामामात्सु गावात होंडाला लष्कराच्या वायरलेस सेटसाठी बनवलेल्या छोट्या जनरेटरची इंजिनं मिळाली. त्याने ती सायकलींना जोडायला सुरुवात केली. पहिल्या गाडीला टाकी म्हणून त्याने अंथरुणात शेक घ्यायची गरम पाण्याची पत्र्याची बाटली लावली. गाडी चालवून बघायला बायकोला पाठवलं, कारण बायकांना चालवता आली तर कोणालाही येईल असा त्याचा हिशेब. (या हिशेबाबद्दल माझ्या बहिणीचं मत इथे छापण्यासारखं नाही.) सुमारे पाचशे इंजिनं संपल्यावर त्याने स्वतःचं इंजिन बनवलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. आज तुमच्या पार्किंगमध्ये त्याचं नाव लिहिलेली एक तरी गाडी उभी असेल.

याच वेळी आपल्याकडे काय चाललं होतं?

युद्ध आपल्याकडेही संपलं होतं. लष्कराच्या बीएसए, नॉर्टन, मॅचलेस मोटरसायकली लिलावात निघाल्या. डिस्पोजलचा माल म्हणून असल्या गाड्या देशभर विकल्या गेल्या. कच्चा माल होता, कारागीर होते, गरज तर होतीच. पण १९५१ चा उद्योग नियमन कायदा आला आणि ठरलं की अमुक वस्तू बनवायची तर दिल्लीचं लायसन्स हवं, आणि किती बनवायच्या तेही लायसन्सवर लिहिलेलं असणार. १९५५ पासून मद्रासमध्ये रॉयल एनफील्ड जुळू लागली, साठच्या दशकात म्हैसूरला जावा आणि एस्कॉर्ट्सची राजदूत. आकुर्डीत बजाजची स्कूटर. यांच्यापलीकडे फारसं काही नाही. सत्तरच्या दशकात चेतकसाठी लोक आठ-दहा वर्षं नंबर लावून थांबत. मागणी होती, कारखाना होता, पण जास्त गाड्या बनवायची मुभा नव्हती.

त्या काळात इचलकरंजीला शंकरराव कुलकर्णी नावाचे गृहस्थ होते. शाळा फारशी झालेली नाही. त्यांनी १९४९ च्या सुमारास दोन माणसांची छोटी मोटार स्वतः बनवली, तिला 'मीरा' नाव दिलं आणि पुढची पंचवीसेक वर्षं ते ती सुधारत राहिले. इंजिन मागे, सस्पेन्शन रबराचं, चार माणसं बसतील अशी, किंमत बारा हजारांच्या घरात ठेवायची इच्छा. सत्तरच्या दशकात मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी ती बघितली, कौतुक केलं. कारखाना मात्र झाला नाही. होंडाला गाडीकडून कारखान्याकडे जायला दोन-तीन वर्षं लागली. कुलकर्ण्यांना पंचवीस वर्षं पुरली नाहीत. माणसातला फरक मी मोजू शकत नाही, पण मधल्या कागदांच्या थप्पीतला फरक दिसतो.

बनवायला बंदी असलेल्या देशात माणसं मग काय करतात? आहे ते टिकवतात. पुण्याच्या पेठांमधली सगळी गाडीविद्या या टिकवण्यातून आली आहे. पार्ट मिळत नाही म्हणून लेथवाला बुश काढून देतो. आटे गेले तर भरून पुन्हा पाडतो. राजदूतची क्लच प्लेट संपली तर कुठली दुसरी घासून बसते हे ज्याला पाठ आहे तो मेकॅनिक मोठा. म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, तरी पुण्यातल्या येझदी चालत राहिल्या, त्या या लोकांच्या जिवावर. ही मंडळी गाडी बनवत नव्हती असं आपण म्हणतो. पण वीस वर्षांत एकेक करून ज्या गाडीचे सगळे भाग बदलले गेले ती नक्की कोणी बनवली?

*

आता बुधवार पेठ. हे नाव फोनवर टाइप केलं की काय काय येतं ते मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. त्यात खोटं काही नाही, पण पेठ त्याहून मोठी आहे. औरंगजेबाचा तळ पुण्यात होता तेव्हा, १७०३ मध्ये, मुहियाबाद म्हणून वसलेली ही पेठ. आज एका टोकाला अप्पा बळवंत चौकातली पुस्तकं, मध्ये दगडूशेठ, जोगेश्वरी, पासोड्या विठोबा, आणि तपकीर गल्लीतला विजेचा बाजार. मोटरसायकल जोडायला बसलेल्या माणसाला याहून चांगला पत्ता मिळणार नाही. मी हे आधी ठरवून केलं नव्हतं. आजोबांनी भाड्याने घेतलेल्या खोल्या इथे होत्या, एवढंच.

सुरुवात जुन्या बाजारातून झाली. मंगळवार पेठेजवळ बुधवारी आणि रविवारी भरतो तो. तिथे कार्बुरेटर विकत घ्यायचा तर एक डोळा मिटून आत बघायचं आणि चेहऱ्यावर निराशा आणायची. निराशा महत्त्वाची, भाव तिच्यावर ठरतो. येझदीचं इंजिन मला तिथल्याच एका ओळखीतून मिळालं. पावती मागितली तर विकणाऱ्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भेळवाल्याकडे जीएसटीचं बिल मागतोय. मी गप्प बसलो. ही माझी चूक नंबर एक.

ज्यांनी येझदी किंवा जावा बघितली नसेल त्यांच्यासाठी : या गाडीचा गिअर टाकायचा दांडा आणि किक एकच. दांडा आत दाबून वर फिरवला की किक, गाडी सुरू झाली की पुन्हा खाली, मग तोच गिअर. सिलिंडर एक, पण सायलेन्सर दोन. टू-स्ट्रोक असल्यामुळे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं. साधं, हट्टी, उघडून समजून घेता येईल असं यंत्र. इंजिन उतरवून हेड उघडलं तेव्हा पिस्टनवर काजळीचा थर होता. रिंगा चिकटलेल्या. नाना पेठेत, जिथे गाड्यांच्या पार्टची दुकानं आहेत, तिथून पिस्टन आणला. सिलिंडरला बोअर मारून घेतला. त्यानंतरचे चार महिने इंजिनाकडे बघायला वेळच नव्हता, कारण टाकी.

टाकीबद्दल जरा सविस्तर सांगतो.

तयार टाकी बसेना. चेसिसचा मधला पाइप आम्ही खाली घेतला होता, त्यामुळे टाकीच्या पोटातला बोगदा जुळत नव्हता. फॅब्रिकेशनवाला म्हणाला, चौकोनी डबा करून देतो. डबा मला नको होता. तेव्हा खालचे काका म्हणाले, तांबट आळीत विचार. मला हसू आलं. कसबा पेठेतली तांबट आळी म्हणजे बंब, घंगाळी, हंडे. पेशवाईपासून तिथे तांब्याचं काम चालतं. दोन हाकांच्या अंतरावर आहे, पण मी कधी काही घ्यायला गेलो नव्हतो.

तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरांनी माझं पुठ्ठ्याचं माप हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. म्हणाले, "ही म्हणजे आडवी घागर." मग त्यांनी मला समजावलं. तांबं ठोकत गेलं की कडक होतं. मग ते तापवायचं, की पुन्हा मऊ होतं आणि ऐकतं. पुन्हा ठोकायचं. भांड्यावर जे चमकते ठोके दिसतात, मठारकाम, ते शोभेसाठी नसतं, त्याने पत्र्याला ताठपणा येतो. "लोखंडी पत्रा आमचा नव्हे," ते म्हणाले, "तो हट्टी. पण फुगवटा कसा आणायचा ते दाखवतो." फुगवटा मधून बाहेर जात नाही, कडेकडून आत येत जातो. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवायचा, लाकडी हातोडीने, एकाच ताकदीने, गोल गोल. ताकद कमी-जास्त झाली की पत्र्याला सुरकुती पडते आणि सुरकुती पडली की ती काढणं नव्या पत्र्याहून महाग.

मी तीन पत्रे वाया घालवले. चौथ्याच्या दोन बाजू जमल्या. जोड वेल्डिंगवाल्याकडून मारून घेतले, साबणाचं पाणी लावून, आत हवा भरून बुडबुडे बघितले. एकवीस ठिकाणी बुडबुडे. पुन्हा वेल्डिंग. (घरी करणाऱ्यांसाठी एक सूचना, यात विनोद नाही : पेट्रोल भरलेल्या जुन्या टाकीला रिकामी करून लगेच वेल्डिंग लावू नका. आत वाफ राहते आणि टाकी फुटते. माणसं मेली आहेत.) शेवटी टाकी हवा धरू लागली तेव्हा ती डाव्या बाजूला उजवीपेक्षा थोडी जास्त फुगलेली होती. अजूनही आहे. म्हातारबाबांना फोटो दाखवला तर म्हणाले, "उजव्या हाताने ठोकणाऱ्याचं असंच होतं."

वायरिंग त्या मानाने किरकोळ. तपकीर गल्लीत वायर, फ्यूज, होल्डर, बल्ब सगळं एका फेरीत मिळालं. दुकानदारांनी 'कशाला पाहिजे' एवढंच विचारलं आणि सांगितल्यावर दोन वस्तू परत ठेवायला लावल्या, स्वस्तातल्या दिल्या.

*

तर नंबर कोण देणार?

कायदा मी उशिरा वाचला, ही चूक नंबर दोन. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. ते मुळात असं होतं की गाडीत बदल करायचा तर आरटीओला कळवा, त्यांची मंजुरी घ्या आणि करा. म्हणजे दार होतं. २००० साली दुरुस्ती झाली आणि वाक्य फिरलं : आरसीवरचा तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचाच नाही. मंजुरी मागायची सोय काही मोजक्या गोष्टींपुरती उरली, जसं इंधन बदलणारं किट, किंवा त्याच जातीचं दुसरं इंजिन. ९ जानेवारी २०१९ ला केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच दुरुस्तीवर बोट ठेवून सांगितलं की गाडीची मूळ रचना बदलता येणार नाही. त्याच वर्षीच्या नव्या दुरुस्तीने शिक्षाही लिहून ठेवली : मालकाने बेकायदा बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. माझ्या गाडीचे बदल मी मोजायला घेतले आणि चाळीसच्या पुढे सोडून दिले.

पण माझी अडचण त्याहूनही अलीकडची आहे. बदल करायला आधी गाडी असावी लागते. माझी गाडी कायद्याच्या लेखी जन्मलेलीच नाही. नवीन गाडी नोंदवायची तर तिचा नमुना तपासून प्रमाणपत्र मिळालेलं असावं लागतं. १९८९ च्या नियमावलीतला नियम १२६ हे काम ठरावीक संस्थांना देतो. त्यातली एक एआरएआय, आपल्या टेकडीवरची, १९६६ पासूनची. आपण पहाटे जिथे फिरायला जातो त्या टेकडीला लोक तिच्याच नावाने ओळखतात. दुसरी भोसरीची सीआयआरटी. तिसरी नगरची व्हीआरडीई. देशातल्या गाड्यांना जन्मदाखला देणारी अर्धी पंचायत आपल्या अंगणात आहे, आणि तिच्याकडे नमुना न्यायचा अधिकार नियमाने 'उत्पादका'ला दिला आहे. लाखो गाड्या बनवणारा आणि एकच बनवणारा यांच्यासाठी वेगळी रांग नाही. एका गाडीसाठी ती सगळी परीक्षा देणं म्हणजे एका पोळीसाठी गिरणी टाकणं.

कायदा मूर्खपणाचा आहे असं मी म्हणणार नाही. मी स्वतः जोडलेल्या चेसिसवर माझा जेवढा विश्वास आहे तेवढा सिंहगड रोडवर माझ्या मागून येणाऱ्या आजींनी ठेवावा अशी माझी अपेक्षा नाही. सायलेन्सर काढून रात्री फटाके वाजवत फिरणारे बहाद्दर पकडले जातात तेव्हा मला आनंदच होतो. माझी तक्रार एवढीच की तपासून नापास करा, पण तपासा. ब्रिटनमध्ये २००३ पासून एकेका मोटरसायकलची स्वतंत्र तपासणी करून नोंद होते आणि घरी बनवलेल्या गाड्यांनाही त्यात जागा आहे. ब्रेक, दिवे, आवाज, धूर, सगळं बघतात. माझी गाडी तिथे बहुधा धुरात नापास होईल. ते मला मान्य आहे. आपल्याकडेही २०१९ च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींसाठी गाडीत बदल करायला परवानगीची वाट ठेवली आहे. म्हणजे एकेकट्या गाडीकडे बघणं यंत्रणेला अशक्य नाही.

आणि कौतुक करणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे गाव आहे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथले दत्तात्रय लोहार लोखंडकाम करणारे. त्यांनी दुचाकीचे पार्ट आणि भंगार जोडून साठेक हजारात छोटी जीप बनवली, तिला किक मारून सुरू करावं लागे. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रांनी पाहिला आणि कौतुक केलं, पण सोबतच लिहिलं की नियमात बसत नसल्यामुळे आज ना उद्या ती थांबवली जाणार. त्यांनी लोहारांना त्या बदल्यात बोलेरो देऊ केली. लोहार आधी लगेच तयार नव्हते, अशा बातम्या होत्या. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी बोलेरो घेतली. जीप कंपनीच्या संग्रहात गेली. ज्या दिवशी मी ती बातमी वाचली तेव्हा छान वाटलं होतं. टाकी ठोकून झाल्यावर पुन्हा वाचली तेव्हा लोहारांनी ते काही दिवस कसे काढले असतील याचाच विचार येत राहिला.

*

न्यूझीलंडला बर्ट मनरो म्हणून एक माणूस होता. १९२० ची इंडियन स्काउट मोटरसायकल त्याने चाळीसहून जास्त वर्षं घरच्या शेडमध्ये सुधारली. पिस्टन घरीच ओतायचा. १९६७ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्याने तिच्यावर बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानात ताशी जवळजवळ तीनशे किलोमीटरचा विक्रम केला. त्याच्या शेडमध्ये एका फळीवर फुटलेले, जळालेले पिस्टन मांडलेले असत आणि फळीवर लिहिलेलं होतं की हा वेगाच्या देवाला नैवेद्य. मला हे वाचून खंडेनवमी आठवली.

यंदा खंडेनवमीला मी पाने, गोटी, लाकडी हातोडी आणि वाया गेलेले तीन पत्रे चौकात मांडले. गाडीला झेंडूची माळ घातली. काकूंनी हळद-कुंकू आणलं, धुराचा विषय काढला नाही. दुपारी साडेतीननंतर, सगळ्यांची झोप झाल्यावर, गाडी सुरू केली. वाड्याच्या दिंडी दरवाज्यापासून मागच्या बुजलेल्या हौदापर्यंत अठ्ठावीस पावलं आहेत. पहिल्या गिअरमध्ये जायचं, हौदाशी वळवायला जागा नाही म्हणून उतरून मागे ढकलायची. आजवरचं तिचं सगळं रनिंग एवढंच.

खालचे काका म्हणाले, "एक चक्कर मला दे." लुंगी सावरून बसले. गिअरचा दांडा सापडेना, कारण तो अजून किकच्या जागी वर होता. मी वाकून तो खाली फिरवून दिला.